कारणाचा रकाना

पावलं फक्त आत येणारी होती.

सुशील मागच्या दारात टॉर्च घेऊन उभा होता. घाईघाईत त्याने खुंटीवरचा बायकोचा जांभळा गाऊन चढवला होता, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरच्या गांभीर्याला थोडी बाधा येत होती. सकाळचे सव्वासात झाले होते. अप्पर हटमध्ये जुलै म्हणजे ऐन हिवाळा; सव्वासातला उजाडतं, पण नाइलाजाने. दव गोठून हिरवळ पांढरी झाली होती आणि त्या पांढऱ्यावर, रस्त्याकडच्या टपालपेटीपासून घराच्या कडेकडेने थेट या दारापर्यंत, काळसर पावलं उमटली होती. सावकाश, मोजून टाकलेली. परत जाणारं एकही नव्हतं.

"नाना, बाहेर येऊ नका," सुशील म्हणाला. "पुरावा आहे."

नानासाहेब चहाचा कप घेऊन उंबऱ्याच्या आतच थांबले. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला पुराव्यावर पाय न देण्याची सवय असते.

"अनवाणी आहे रे," ते म्हणाले.

"त्याचं काही नाही. इथे लोक सुपरमार्केटातपण अनवाणी जातात. प्रश्न असा आहे, की आत आलाय, तर गेला कुठे?"

बाप-लेकांनी एकदमच मागे वळून घराकडे बघितलं. फ्रिज घरघरत होता. मग तोही थांबला.

त्यांनी सगळी कपाटं उघडली. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, कपडे धुण्याची खोली, जुईच्या पलंगाखालची जागा. कोणी नव्हतं. कुंडीखाली ठेवलेली जादा किल्ली कुंडीखालीच होती, फक्त तिच्यावर बाहेरचं दव होतं. आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक गठ्ठा होता.

"तिसरा," मधुवंती म्हणाली. ती सुशीलची बायको. आपला गाऊन नवऱ्याच्या अंगावर बघून तिने शाल गुंडाळली होती.

पहिला गठ्ठा तीन आठवड्यांपूर्वी मागच्या पायरीवर सापडला होता. दुसरा दाराच्या आत, पायपुसण्यावर. आता हा. अख्ख्या रस्त्यावरच्या टपालपेट्यांतली जाहिरातींची पत्रकं गोळा करून, तारखेप्रमाणे लावून, कडा ठोकून एकसारख्या करून बागेतल्या सुतळीने बांधलेली. चोरीला काहीच जात नव्हतं. उलट घरात भर पडत होती. पोलिसांना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, काय गेलं? काही नाही. मग काय झालं? पत्रकं आली. पोलिसांनी अत्यंत सौजन्याने एक नंबर दिला आणि पुन्हा पत्रकं आली तर कळवा म्हणाले.

या वेळच्या गठ्ठ्यात मात्र सर्वांत वर जुईच्या शाळेचं पत्र होतं आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेली तिची दोन चित्रं होती. तीही तारखेप्रमाणे.

सुशीलने कात्रीने सुतळी कापली. "मेसेज आहे हा. मी कधीही येऊ शकतो. तुमच्या मुलीच्या वस्तूंना हात लावू शकतो. असा मेसेज आहे."

"कॅमेरा लाव म्हणते ना मी," मधुवंती म्हणाली.

"शेजारच्या ग्रेगकडे होता कॅमेरा. गाडी गेलीच ना त्याची? आता त्याच्याकडे चोरीचं फार सुंदर शूटिंग आहे. कॅमेरा नुसता बघतो, मधू."

नऊ वर्षांची जुई डोळे चोळत आली आणि आजोबांच्या शेजारी खुर्चीवर चढली. टेबलाखाली तिचा पाय त्यांच्या पायाला लागला.

"आजोबा! युअर फीट आर लाइक आइस!"

"म्हातारपण गं," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

*

सुशील वेलिंग्टनला एका विमा कंपनीत धोक्याची गणितं मांडायचा. अप्पर हटहून रोज सकाळच्या गाडीने जायचा, संध्याकाळच्या गाडीने यायचा आणि जाता-येता लोकांची घरं जळण्याची शक्यता काढायचा. अशा माणसाला स्वतःच्या घरातला धोका टक्केवारीत मांडता आला नाही की तो फार हवालदिल होतो. नाश्ता झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि तीन आठवड्यांचं गुपित टेबलावर ठेवलं.

त्याने बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. सुरक्षेचा कोर्स झाला होता, लेखी परीक्षा झाली होती. ऑफिसातल्या वेनने शिफारस दिली होती. बेडरूमच्या कपाटात जी लोखंडी तिजोरी भिंतीला बोल्ट मारून बसवली होती, ती मधुवंतीच्या दागिन्यांसाठी नव्हती.

"मला वाटलंच," मधुवंती म्हणाली. "माझ्या दोन बांगड्यांसाठी एवढी उंच तिजोरी!"

"दोन ऑप्शन आहेत," सुशील म्हणाला. त्याने तक्ता केला होता, लाल-पिवळ्या-हिरव्या चौकटींचा. "पंप-ॲक्शन शॉटगन आणि सेमी-ऑटोमॅटिक. पंप स्वस्त, कधी बिघडत नाही. पण प्रत्येक गोळीनंतर पुढचा दांडा हाताने मागे-पुढे ओढायचा. घाबरलेला माणूस अर्धवट ओढतो आणि काडतूस अडकतं. सेमी-ऑटो स्वतःच पुढचं काडतूस भरते, खांद्याला धक्का कमी. पण साफ ठेवावी लागते, आणि कायद्यात बसणारीच घ्यावी लागते. मधूलाही चालवता येईल."

"मधूला विचारलंस?"

"तेच विचारतोय."

"मी रोज बारा म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, सुशील. मला बंदूक नको, कमरेचा पट्टा हवाय." मधुवंती लोअर हटच्या एका वृद्धनिवासात नर्स होती. "आणि परवानावाल्यांना काय सांगितलंस? कशाला हवी बंदूक?"

"बदकं."

मधुवंतीने हातातला चमचा खाली ठेवला.

"डक शूटिंग. वेन दर मेमध्ये जातो. मी पण जाणार असं लिहिलंय."

"तू अंडं खाल्लंस की दोन दिवस हळहळतोस," मधुवंती म्हणाली.

"इथे आत्मसंरक्षण हे कारणच चालत नाही! ते लिहिलं की अर्ज तिथेच संपतो. सगळ्यांनी लक्षात ठेवा. येत्या बुधवारनंतरच्या बुधवारी त्यांची ऑफिसर घरी येणार आहे, घरातल्यांशी बोलणार आहे. बदकं. फक्त बदकं. नाना, कळलं ना?"

नानासाहेबांना कळलं होतं. खरं तर त्या टेबलाभोवती या विषयातलं कोणाला काही कळत असेल, तर ते त्यांनाच. सांगलीच्या कलेक्टर कचेरीत शस्त्र परवाना शाखेत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. एकनळी, दुनळी, बारा बोअर, सगळं त्यांना तोंडपाठ होतं, कागदावर. प्रत्यक्षात बंदुकीला त्यांनी कधी बोटही लावलं नव्हतं. त्यांच्या अर्जात एक रकाना असे: शस्त्र कशासाठी हवे आहे. दहातले नऊ लिहीत, आत्मसंरक्षण. दहावा लिही, पीकसंरक्षण, आणि त्याचं पीक कुठल्या शेजाऱ्याच्या बांधाला लागून आहे ते नानासाहेबांना चौकशीआधीच कळे. तो एक रकाना वाचून माणूस ओळखण्यात त्यांची हयात गेली. कोणी बदकं असं लिहिलं असतं, तर त्यांनी अर्जदाराला आधी पाणी दिलं असतं.

"बदकं," ते म्हणाले.

*

दहा वाजता तिघं जुईच्या नेटबॉलच्या सामन्याला गेली. घरात नानासाहेब एकटे राहिले.

सुशीलने कापलेली सुतळी टेबलावर पडली होती. ती त्यांनी उचलली. गाठ शाबूत होती. त्यांनी ती चष्म्याजवळ धरली आणि मग सावकाश खाली ठेवली.

गॅरेजमध्ये दुसरा गठ्ठा पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता, न कापलेला. नानासाहेबांनी तो बाहेर काढला, गाठीचं मोकळं टोक दोन बोटांत धरलं आणि अलगद खेचलं. गाठ आवाज न करता सुटली.

ही गाठ जगात दोनच माणसांना येत होती. सांगलीच्या त्या शाखेत फायलीची फीत बांधायची ही पद्धत हेडक्लार्क बाळासाहेबांची होती. कितीही जाड फाईल घट्ट बसायची, आणि साहेबाने मागितली की एका झटक्यात उघडायची. बाळासाहेबांनी ती एकट्या नानासाहेबांना शिकवली, कारण इतरांची ती शिकण्याची लायकी नाही असं त्यांचं मत होतं.

बाळासाहेबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

नानासाहेब गॅरेजमध्ये लॉन मोव्हरवर बसले. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण त्यांच्याकडे ओळखीचा पुरावा नसतो. पण तो गठ्ठा बघून त्यांच्या अंगावर काटा आला. तारखेप्रमाणे लावलेले कागद. ठोकून सरळ केलेल्या कडा. ते बराच वेळ तसेच बसून राहिले आणि एकीकडे त्यांच्या डोक्यातला कारकून टिपणं काढत राहिला. बाळासाहेब इथे कशाला येतील? जिवंतपणी त्यांनी मिरजेच्या पुढे प्रवास केला नव्हता. शिवाय त्यांना थंडी सोसत नव्हती, डिसेंबरात ते कचेरीत मफलर बांधून यायचे. ते अनवाणी आले नसते.

मग राहिला दुसरा माणूस.

ते उठले. स्वेटर, कानटोपी, पायमोजे, बूट असा सरंजाम चढवून मागच्या दाराने बाहेर गेले. समोरच्या अंगणात ऊन आलं होतं, तिथलं दव वितळून गेलं होतं. पण या गोलार्धात घराच्या दक्षिणेच्या बाजूला हिवाळ्यात दिवसभर ऊन येत नाही. तिथे हिरवळ अजून पांढरी होती, आणि पावलंही तशीच होती, पाच-सहा, कडेला बर्फाची बारीक सळसळीत किनार असलेली.

उजव्या पावलाला चारच बोटं उमटली होती.

नानासाहेबांनी कुंपणाला धरून उजवा बूट काढला. मोजा काढला. चौऱ्याण्णव साली रेकॉर्डरूममधलं कपाट या पायावर कलंडलं होतं, तेव्हापासून त्यांची करंगळी जमिनीला टेकत नव्हती. त्यांनी पाय त्या ठशावर ठेवला. म्यानात तलवार जावी तसा तो बसला. इकडे नाही, तिकडे नाही.

गारठा घोट्यापर्यंत चढला तरी त्यांनी पाय उचलला नाही. गेल्या महिन्यात अंथरुणात गवताची पाती सापडली होती, तेव्हा त्यांना वाटलं होतं की जुईने खेळताना आणली. सकाळी पाय गार असायचे, तेव्हा वाटलं रक्ताभिसरण. आता सगळ्या नोंदी एकाच अर्जदाराच्या नावावर जमा होत होत्या. तो पुढच्या दाराने बाहेर पडायचा, सिमेंटच्या वाटेने, म्हणून जाणारी पावलं नव्हती. पुढचं दार मागे आपोआप लागायचं. म्हणून परत येताना मागचं दार. कुंडीखालची किल्ली त्याला माहीत होती, कारण ती त्यानेच तिथे ठेवली होती.

फक्त तो अर्जदार नेमका कोण, ते नानासाहेबांना ठाऊक नव्हतं. काही केल्या त्यांना त्याचं काहीच आठवत नव्हतं.

मधुवंती मागे एकदा जेवताना सांगत होती, की त्यांच्या वृद्धनिवासाच्या बागेत एक खोटा बसस्टॉप आहे. खांब, पाटी, बाकडं, सगळं खरं. ज्यांचं डोकं फिरायला लागतं ते संध्याकाळी घरी जायचं म्हणून दाराशी येतात, दाराला कुलूप असतं, मग त्यांना त्या बाकड्यावर बसवतात. ते हॅट घालून, पिशवी मांडीवर घेऊन शांत बसतात. बस येत नाही. थोड्या वेळाने कुठे जायचं होतं ते विसरतात आणि आत येतात. जुई हसली होती. नानासाहेबही हसले होते.

ते मोजा न घालताच वळले आणि एका पायात बूट, एक पाय उघडा, असे त्या पांढऱ्या पट्ट्यावरून, ठशांवर पाय देत, टोकापर्यंत चालत गेले आणि पुन्हा चालत आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पुराव्यावर पाय दिला.

*

पुढच्या शनिवारी सुशील त्यांना पामर्स्टन नॉर्थला घेऊन गेला, दोन तास गाडी चालवत. तिथलं बंदुकांचं दुकान मोठं होतं. परवाना येईपर्यंत विकत काही घेता येणार नव्हतं, पण बघून ठरवायला हरकत नव्हती. "तुम्ही चलाच, नाना," तो म्हणाला होता. "घरात या विषयातले तुम्हीच एक्स्पर्ट."

गाडीत तो एकदाच बोलला. "मला रात्री झोप लागत नाही हो. मी बेडवर पडून पॅसेजमधला आवाज ऐकत असतो. जुईच्या दारावरून तो जात असणार ना? तिच्या दारावरून जाऊनच किचन." नानासाहेब खिडकीतून मेंढ्या बघत होते. लेकाचा आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा झाला होता. त्यांनी तोंड उघडलं. आत्ता सांगावं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर ते बाकडं आलं आणि त्यांनी विचारलं, "इथल्या मेंढ्यांना कुंपण कशाला रे? पळून जाणार कुठे?"

दुकानदार लाल दाढीचा, पोट सुटलेला, प्रेमळ माणूस होता. "किया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला. "कशासाठी हवी?"

"डक्स," सुशील म्हणाला.

"स्वीट ॲज!" म्हणजे झकास. त्याने दोन्ही बंदुका काउंटरवर ठेवल्या आणि लेकरांचं कौतुक सांगावं तसं सांगायला लागला. पंपची मजा हातात. सेमी-ऑटोची मजा खांद्याला. सुशील नानासाहेबांसाठी मराठीत सांगत होता आणि मधूनमधून आपल्या तक्त्यातले प्रश्न विचारत होता. नळीची लांबी किती? लहान जागेत वळवायला सोपी कोणती? समजा, आठ मीटरचा पॅसेज असेल तर छरे किती पसरतील?

दुकानदाराने दाढी खाजवली. "तुमच्या पॅसेजमध्ये बदकं येतात का, मेट?"

"थिऑरेटिकली," सुशील म्हणाला.

दुकानदार हसला, पण जरा कमी. त्याने पंप नानासाहेबांच्या हातात दिली. म्हाताऱ्या माणसाशी सगळे जसे मोठ्याने बोलतात तसं म्हणाला, "ओढून बघा, सर!"

नानासाहेबांनी पुढचा दांडा मागे ओढला, पुढे ढकलला. खट्-खट्. कोरडा, लहानसा आवाज. एकतीस वर्षं ज्या वस्तूबद्दल शेरे लिहिले ती वस्तू त्यांच्या हातात पहिल्यांदाच आली होती, आणि ती थंडगार होती, पहाटेच्या पायांसारखी. दुकानाच्या टोकाला, कोट-टोप्यांच्या रांगेपलीकडे, एक उंच आरसा होता. त्यात एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. तो कोण, हे त्यांना क्षणभर कळलं नाही. अंतर साधारण आठ मीटर होतं.

"याला विचार," त्यांनी बंदूक खाली ठेवून सुशीलला सांगितलं, "पंपमध्ये हाताने ओढावं लागतं, तेवढ्या वेळात माणसाला विचार करायला मिळतो का? समोर कोण आहे ते बघायला?"

सुशीलने विचारलं. दुकानदार म्हणाला, दुसऱ्या गोळीच्या आधी थोडा मिळतो.

"आणि पहिलीच्या?"

"पहिली दोन्हीत सारखीच, सर. पहिलीला काहीच वेळ लागत नाही."

परतीच्या वाटेवर सुशीलने पंप पक्की केली. तक्त्यातली शेवटची चौकट हिरवी झाली, याचं त्याला जरा समाधान होतं. नानासाहेब मनाशी हिशेब करत होते. एवढा मोठा तक्ता होता आणि तो सगळा दुसऱ्या गोळीविषयी होता.

*

बुधवारी दुपारी तीनला ऑफिसर बाई आल्या. पॅम नाव, साठीला टेकलेल्या, गळ्यात चष्मा. बूट बाहेर काढू का, असं त्यांनी विचारलं, आणि नानासाहेबांना त्या एकदम आवडल्या. सुशीलने रजा काढली होती. त्याने तिजोरी दाखवली, बोल्ट दाखवले, काडतुसांची वेगळी पेटी दाखवली, बदकांवर वेनकडून ऐकलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. मधुवंतीला त्यांनी बैठकीच्या खोलीत एकटीला विचारलं. ती काय म्हणाली ते बाहेर ऐकू आलं नाही, पण तिच्या आवाजात उत्साह नव्हता.

मग त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. नानासाहेब चहा गाळत होते.

"तुम्हीही इथेच राहता का, सर?"

"येस मॅडम. फादर. थर्टी वन इयर्स आर्म्स लायसन्स ब्रँच, कलेक्टर ऑफिस. रिटायर्ड."

पॅमबाईंचे डोळे चमकले. "म्हणजे तुम्ही माझंच काम करत होता!" त्या खुर्ची ओढून बसल्या. कपातला मसाल्याचा चहा त्यांनी हुंगला आणि प्यायल्या. दोन देशांतल्या दोन कारकुनांनी थोडा वेळ खोट्या अर्जदारांबद्दल समव्यावसायिक गप्पा मारल्या. मग त्यांनी टॅबलेट पुढे ओढला. सहज म्हणून विचारलं, "मग तुमच्या मते मुलाला बंदूक कशाला हवी आहे?"

बाहेर पॅसेजमध्ये सुशील उभा होता, हे नानासाहेबांना त्याच्या श्वासावरून कळत होतं. तो रकाना समोर होता. कोरा. लेकाने इतके आठवडे केलेली मेहनत होती, दोन तासांचा प्रवास होता, पॅसेजमधल्या आवाजांना कान देऊन काढलेल्या रात्री होत्या.

"सेल्फ-प्रोटेक्शन," नानासाहेब म्हणाले.

पॅमबाईंचं बोट थांबलं. "कोणापासून?"

"अ मॅन कम्स इन अवर हाउस, मॅडम. अर्ली मॉर्निंग. माय सन विल शूट हिम." त्यांनी चहाची गाळणी उलटी करून काळजीपूर्वक झटकली. "नो डक्स. माय सन इज व्हेजिटेरियन."

"हा माणूस कोण, तुम्हाला माहीत आहे?"

नानासाहेबांनी गाळणी जागेवर टांगली. दारात मधुवंती येऊन उभी राहिली होती.

"नो मॅडम," ते म्हणाले. "बट आय थिंक, व्हेरी ओल्ड मॅन. ही इज ओन्ली डूइंग फाइलिंग."

पॅमबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग नजर खाली नेली. कार्पेटवर त्यांचे पाय उघडे होते, उजव्याची करंगळी वर उचललेली. बाईंनी टॅबलेट मिटला, कप सिंकमध्ये नेऊन ठेवला आणि जाताना नानासाहेबांचा हात दोन्ही हातांत धरला.

*

"नाना, तुम्ही हे काय केलंत?" गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सुशील कसाबसा थांबला होता. "दहा वेळा सांगितलं होतं! बदकं! एक शब्द!"

"चुकलंच रे. सवयीनं बोलून गेलो. आमच्याकडे तेच कारण चालायचं."

"सांगली नाहीये ही!"

"नाही ना," नानासाहेब म्हणाले. "तेच विसरलो."

सुशील त्यांच्याकडे बघत राहिला. इतका साधा, इतका सरकारी मूर्खपणा, यावर रागवायचं तरी कसं? तो मटकन बसला आणि त्याने तोंड हातांनी झाकून घेतलं. "मग काय करू मी? सांगा ना. पुढच्या वेळी तो कुठे ठेवेल गठ्ठा? जुईच्या उशाशी?"

नानासाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बऱ्याच वर्षांत ठेवला नव्हता, त्यामुळे तो कुठे ठेवायचा ते चाचपावं लागलं.

"आता नाही येणार तो," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"तू कॅमेरे लाव. घाबरेल."

शनिवारी सुशीलने चार कॅमेरे लावले. प्रत्येकाला एक लाल ठिपका होता आणि तो अंधारात डोळ्यासारखा जागा राहायचा. त्यांत शेजारचं मांजर आलं, कुंपणावरून चालणारा, मांजराएवढाच पॉसम नावाचा प्राणी आला. माणूस आला नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात सुशील घोरायला लागला. "बघा नाना," तो नाश्त्याला म्हणाला, "बरोब्बर घाबरला. उगाच बंदुकीच्या मागे लागलो होतो मी." त्याने तक्ता पुसून टाकला होता. रिकाम्या तिजोरीत जुईने तिची रंगपेटी आणि नेटबॉलचे बूट ठेवले होते.

"व्हाय आर यू वेअरिंग सॉक्स इन्साइड, आजोबा?" तिने विचारलं.

"थंडी गं."

मोज्याखाली, उजव्या घोट्यावर, सुतळीचा लाल वळ होता. रोज नऊ वाजता खोलीचं दार लावलं की नानासाहेब पलंगाच्या पायाला सुतळी बांधत आणि दुसरं टोक स्वतःच्या घोट्याला. पहिल्या दिवशी बोटांनी आपोआप बाळासाहेबांची गाठ मारली. ती त्यांनी सोडवली. ती गाठ त्यांचे हात झोपेतही उघडतील, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते एकावर एक अशा साध्या, बेंगरूळ निरगाठी मारत, कचेरीत कोणी मारली असती तर त्यांनी फाईल परत पाठवली असती तशा. सकाळी सुशील चहा घेऊन यायच्या आत त्या नखांनी सोडवायला वीस मिनिटं लागत. कधीकधी त्या अर्ध्या सोडवलेल्या सापडत. तो कोणी तरी प्रयत्न करून गेलेला असे.

त्या संध्याकाळी मधुवंती कामावरून आली ती युनिफॉर्ममध्येच त्यांच्या खोलीत आली. उशाखाली हात घालून तिने सुतळीचं भेंडोळं काढलं. ते कुठे आहे हे तिला शोधावं लागलं नाही. ते तिने आपल्या खिशात टाकलं आणि दुसऱ्या खिशातून काढून काहीतरी त्यांच्या चादरीवर ठेवलं. बँडेजचं गुंडाळं, मऊ, सुती, रुंद.

"मंगळवारी माझी सुट्टी आहे, नाना. आपण दोघं जरा डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

नानासाहेब खिडकीबाहेर बघत होते. टपालपेटीत पत्रकं कोंबलेली दिसत होती, वेडीवाकडी, कडा बाहेर आलेल्या.

"तो बसस्टॉप," ते म्हणाले. "त्याला छप्पर आहे का?"

"आहे. पण तिथे कोणाला नेत नाहीये मी." तिचा आवाज जरा हलला, मग पुन्हा नर्सचा झाला. "सुशीलला मी सांगेन. माझ्या पद्धतीने. घाई नाही. मंगळवारचा फॉर्म भरायचाय, अपॉइंटमेंट कशासाठी ते लिहावं लागतं. सध्या गुडघा लिहू का?"

एकतीस वर्षांत नानासाहेबांनी त्या रकान्यातलं खोटं कारण डोळ्यांआड केलं नव्हतं. त्यांनी बँडेज हातात घेतलं, अंगठ्याने त्याची वीण तपासली.

"गुडघाच लिही," ते म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी दार लावलं, मोजा काढला आणि पाय पलंगावर घेतला. वळावर बँडेजचे दोन वेढे दिले, कडा एकावर एक बरोबर बसवून, दुसरं टोक पलंगाच्या पायाला घेतलं आणि मग ते गाठ मारायला लागले.